सूर्यबिंबाभोवतीची तारकाकृती : छायाचित्रातील किरणांचे प्रकाशशास्त्रीय विवेचन

प्रास्ताविक :

डोंगरकड्याच्या आडून, झाडाच्या फांद्यांमधून अथवा मंदिराच्या शिखरामागून डोकावणारा सूर्य आणि त्याच्या बिंबातून सर्व दिशांना फुटलेले टोकदार किरण, असे छायाचित्र दिनदर्शिकांवर, नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर व छायाचित्र-स्पर्धांत वारंवार पाहावयास मिळते. छायाचित्रकारांच्या बोलीत या परिणामास 'स्टारबर्स्ट' किंवा 'सनस्टार' असे म्हणतात. पाहणाऱ्याचा सहज समज असा होतो की, सूर्यातून निघालेले किरणच कॅमेऱ्याने टिपले आहेत. वस्तुस्थिती निराळी आहे. चित्रातील ते किरण सूर्यापाशी नसतात, वातावरणातही नसतात. ते भिंगाच्या आत, प्रकाश ज्या छिद्रातून जातो त्या छिद्राच्या कडांपाशी निर्माण होतात. त्यांची संख्या, दिशा व लांबी यांवरून सूर्याविषयी फारसे काही कळत नाही, मात्र भिंगाविषयी बरेच कळते.

छायाचित्र हा पुरावा मानण्याची सवय विज्ञान, वृत्तपत्रव्यवसाय, न्यायव्यवहार आणि दैनंदिन जीवन या सर्वच क्षेत्रांत रुजलेली आहे. अशा वेळी चित्रातील कोणता भाग वस्तूचा व कोणता उपकरणाचा, हे ओळखता येणे आवश्यक ठरते. स्टारबर्स्ट हे या विवेकाचे अत्यंत सुलभ आणि महाविद्यालयीन वर्गात सहज करून दाखविता येण्याजोगे उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात या परिणामामागील प्रकाशशास्त्र, त्याचा छायाचित्रणातील व्यवहार आणि सौर निरीक्षणात त्याच तत्त्वामुळे उद्भवणारी अडचण यांचा परामर्श घेतला आहे.

सरळ कडेचा प्रभाव :

प्रकाश अडथळ्याच्या कडेजवळून जाताना सरळ मार्ग सोडून किंचित पसरतो. या घटनेचे पद्धतशीर वर्णन इटलीतील जेझुइट अभ्यासक फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दी यांनी प्रथम केले व तिला नावही त्यांनीच दिले. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६६५ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी पाठ्यपुस्तकांत या घटनेस 'विवर्तन' ही संज्ञा रूढ आहे.

छिद्र पूर्णतः वर्तुळाकार असेल तर विवर्तित प्रकाश सर्व दिशांना सारखाच पसरतो आणि बिंदुस्रोताची प्रतिमा मध्यवर्ती तबकडी व तिच्याभोवतीची मंद कडी अशी मिळते. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये या आकृतीचे गणित मांडले. कॅमेऱ्याच्या भिंगातील छिद्र मात्र सहसा पूर्ण गोल नसते. पाच ते नऊ अथवा त्याहून अधिक पातळ पात्या एकमेकींवर सरकून ते लहानमोठे करतात. पात्या आत सरकल्या की छिद्राचा आकार बहुकोनी होतो आणि त्या बहुकोनाची प्रत्येक सरळ बाजू प्रकाशाच्या पसरण्यास एक विशिष्ट दिशा देते.

ती दिशा कडेला लंब असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याचे कारण असे. सरळ कडेवरील प्रत्येक बिंदू हा जणू एका तरंगिकेचा उगम आहे असे मानले, तर कडेला लंब असणाऱ्या प्रतलात या सर्व तरंगिका समान कलेत येतात व एकमेकींना बळ देतात. अन्य कोणत्याही दिशेत त्यांच्या कला जुळत नाहीत आणि त्या बहुतांशी परस्परांचा नाश करतात. म्हणून प्रकाश कडेच्या दोन्ही बाजूंना, तिच्याशी काटकोन करून, एका रेषेत पसरलेला दिसतो. आदर्श बिंदुस्रोताच्या बाबतीत प्रतिमेच्या केंद्रापासूनचे अंतर दुप्पट केले असता गोल छिद्रामुळे पसरलेल्या प्रकाशाची तीव्रता सरासरीने एक-अष्टमांश होते. बहुकोनी छिद्रात बाजूला लंब असणाऱ्या दिशेने ती केवळ एक-चतुर्थांशापर्यंत उतरते, तर दोन किरणांमधील मोकळ्या दिशेत एक-षोडशांश इतकी घसरते. किरण दूरवर टिकून राहतो आणि त्याच्या शेजारची जागा काळोखी राहते, ती या फरकामुळे.

मोटारीच्या पुढच्या काचेवर वायपरमुळे बारीक ओरखडे पडलेले असतील, तर रात्री समोरच्या दिव्यातून ओरखड्यांना आडवा असा प्रकाशाचा पट्टा निघालेला दिसतो. मोबाइलच्या भिंगावर बोट एकाच दिशेने फिरून तेलकट रेघा उमटल्या असल्यासही तसाच पट्टा रेघांना लंब दिशेने येतो. पुष्कळशा मोबाइल कॅमेऱ्यांत पात्याच नसतात, छिद्र कायम गोल व एकाच मापाचे असते. त्यामुळे अशा मोबाइलवरील चित्रात सूर्याला किरण फुटलेले दिसल्यास, अन्य काही मानण्यापूर्वी भिंग पुसून पाहावे हे उत्तम.

पात्यांची संख्या व किरणांची संख्या :

प्रत्येक बाजू दोन विरुद्ध दिशांना किरण देते, हे मान्य केल्यावर पुढील हिशेब सरळ आहे. पात्या सम संख्येने असतील तर समोरासमोरच्या बाजू परस्परांना समांतर असतात व त्यांचे किरण एकमेकांवर येऊन पडतात. परिणामी सहा पात्यांच्या भिंगातून सहा व आठ पात्यांच्या भिंगातून आठ किरण मिळतात. पात्या विषम असतील तर कोणतीही बाजू दुसरीस समांतर नसते, म्हणून किरणांची संख्या दुप्पट होते. पाच पात्यांना दहा, सात पात्यांना चौदा, नऊ पात्यांना अठरा किरण येतात. छापील चित्रातील किरण मोजून भिंगातील पात्यांची संख्या सांगता येते. अठरा किरण दिसले तर नऊ पात्या बहुधा निश्चित म्हणाव्यात, कारण अठरा पात्यांची भिंगे विरळा.

येथे भिंग घडविणाऱ्यांपुढे एक पेच आहे. पार्श्वभूमीतील अस्पष्ट दिवे गोल व मऊ दिसावेत यासाठी अलीकडच्या भिंगांत पात्यांच्या कडा मुद्दाम वक्र ठेवतात. वक्र कडेची लंब दिशा बिंदूगणिक बदलते, त्यामुळे किरण एकवटत नाही, पंख्यासारखा फाकतो. छिद्र बरेच लहान केल्यावर वापरात येणारा कडेचा भाग तोकडा व जवळजवळ सरळ होतो आणि मग किरण रेखीव होऊ लागतात. व्यक्तिचित्रासाठी नावाजलेले भिंग सूर्याच्या तारकाकृतीसाठी निराशाजनक ठरते आणि सरळ पात्यांचे एखादे जुने स्वस्त भिंग उत्तम ठरते, हा छायाचित्रकारांचा अनुभव यातून उलगडतो.

सूर्याचीच निवड का? :

विवर्तन प्रत्येक प्रकाशमान बिंदूच्या बाबतीत घडतच असते. पांढऱ्या भिंतीच्या, झाडाच्या पानाच्या प्रतिमेतूनही असे किरण निघतात, परंतु ते इतके क्षीण असतात की शेजारच्या प्रकाशात लोपतात. सूर्याची गोष्ट वेगळी आहे. आकाशात सूर्यबिंब अवघ्या अर्ध्या अंशाचा कोन व्यापते आणि त्या कोनाच्या भूमितीवरून असे काढता येते की, सूर्याने लंबवत उजळलेल्या पांढऱ्या कागदापेक्षा सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ४५ हजार पट अधिक तेजस्वी असतो. चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याचा संवेदक एकाच चित्रात साधारणतः बारा ते चौदा 'स्टॉप' इतकी तेजाची तफावत सांभाळतो. चौदा स्टॉप म्हणजे सुमारे १६ हजार पट. भूदृश्याला योग्य असे एक्स्पोजर दिले की सूर्यबिंब संवेदकाच्या मर्यादेपलीकडे जाते, परंतु त्याच्या विवर्तित प्रकाशाचा अत्यल्प अंश मात्र नेमका दृश्य होण्याइतका उरतो.

क्षितिजाला टेकलेले तांबडे सूर्यबिंब पाहण्यास मनोहर असते, पण त्याला किरण फुटत नाहीत. त्या वेळी प्रकाशाला वातावरणाचा फार जाड थर ओलांडावा लागतो, बिंबाचे तेज अतिशय घटते आणि विवर्तित अंश दिसण्याच्या पातळीखाली जातो. सूर्यास्ताची वाट पाहत थांबलेल्या हौशी छायाचित्रकाराची यामुळे निराशा होते. सूर्य क्षितिजापासून काही अंश वर असतानाच, किंवा तो क्षितिजाऐवजी उंच कड्याआड जात असताना, हे चित्र साधते. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमाभिमुख कोकणकड्यावरून सूर्य थेट खालच्या धूसर क्षितिजात बुडतो, तेथे तारकाकृती मिळणे दुरापास्त. याउलट एखाद्या खोल दरीच्या तळातून पाहता सूर्य माथ्याच्या कडेआड जातो तेव्हा त्याचे तेज पुरेपूर शाबूत असते.

छायाचित्रणातील व्यवहार :

सूर्य हा बिंदुस्रोत नाही, ही बाब व्यवहारात निर्णायक ठरते. संवेदकावर पडणाऱ्या सूर्यप्रतिमेचा व्यास भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाइतका असतो. २४ मिलिमीटरच्या विशालकोन भिंगात तो ०.२२ मिलिमीटर, तर २०० मिलिमीटरच्या दूरचित्रण-भिंगात जवळजवळ १.९ मिलिमीटर भरतो. सूर्यबिंबाचा प्रत्येक बिंदू स्वतःचे किरण निर्माण करतो व ते सर्व शेजारी शेजारी मांडले जातात. म्हणून किरणाची बुडाशी असणारी जाडी बिंबाच्या रुंदीएवढी येते. विशालकोन भिंगात ते नाजूक दिसतात आणि दूरचित्रण-भिंगात जाड व बोथट.

यावरचा रूढ उपाय म्हणजे सूर्य अर्धवट झाकणे. पानांच्या फटीतून, कमानीच्या कडेवरून अथवा सुळक्याच्या टोकावरून बिंबाचा लहानसा तुकडाच दिसू दिला की स्रोत बारीक होतो, किरण रेखीव होतात आणि भिंगात शिरणारा अनावश्यक प्रकाशही घटतो. अर्ध्या पावलाच्या हालचालीने चित्र बदलते. या प्रकारात तिपाईवर कॅमेरा रोवून बसण्यापेक्षा हातात घेऊन जागा शोधणे बरेचदा अधिक फलदायी ठरते.

छिद्राचे माप सामान्यतः एफ/११ ते एफ/१६ या दरम्यान ठेवतात. २४ मिलिमीटरच्या भिंगात एफ/४ ला छिद्राचा व्यास ६ मिलिमीटर असतो व एफ/१६ ला तो दीड मिलिमीटर होतो. लहान छिद्रातून विवर्तनाचा पसारा वाढतो, शिवाय वर सांगितल्याप्रमाणे कडाही सरळ होतात. परंतु याचे मोल द्यावे लागते. हिरव्या प्रकाशासाठी एअरी तबकडीचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मायक्रोमीटर, एफ/१६ ला २१ मायक्रोमीटर आणि एफ/२२ ला सुमारे ३० मायक्रोमीटर होतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, २४ मेगापिक्सेल संवेदकावरील एका पिक्सेलची रुंदी सुमारे ६ मायक्रोमीटर असते. अर्थात, किरण ज्या विवर्तनामुळे खुलतात त्याच विवर्तनामुळे चित्रातील गवताचे पाते नि पाते पुसट होत जाते. एफ/२२ पर्यंत जाण्याचा सल्ला काही पुस्तिकांत आढळतो, तो या हिशेबात बसत नाही.

हवेची स्थितीही महत्त्वाची आहे. धूलिकण व बाष्प यांनी भरलेल्या हवेत सूर्याभोवती रुंद उजळ वलय तयार होते आणि किरण त्यात बुडतात. पावसाने धुतलेली, ढगांची पांगापांग झाल्यानंतरची हवा यासाठी सर्वांत अनुकूल.

बाजारात 'स्टार फिल्टर' मिळतात. त्यांच्या काचेवर बारीक समांतर रेषा कोरलेल्या असतात व छिद्र पूर्ण उघडे असतानाही त्या प्रत्येक ठळक दिव्याला किरण देतात. हेही प्रकाशशास्त्रीय तंत्रच होय, मात्र त्याचा वापर पटकन ओळखू येतो आणि लवकर कंटाळवाणा होतो.

डोळ्यांची सुरक्षितता :

या विषयाचे विवेचन करताना एका धोक्याचा उल्लेख टाळता येत नाही. आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यात छिद्राचे माप एफ/१६ वर ठेवले, तरी बटण दाबेपर्यंत भिंग पूर्ण उघडेच असते. व्ह्यूफाइंडरमधून पाहणाऱ्याच्या डोळ्यास लहान छिद्राचे कोणतेही संरक्षण लाभत नाही आणि दूरचित्रण-भिंगामुळे दृष्टिपटलावर सूर्याची अधिक मोठी प्रतिमा पडते. दृष्टिपटलास वेदनेची जाणीव नसल्यामुळे इजा होत असताना ती कळत नाही. अशा कॅमेऱ्यावर सूर्याची चौकट पाठीमागच्या पडद्यावर पाहून ठरवावी. दीर्घ एक्स्पोजरसाठी वापरले जाणारे करडे फिल्टर दृश्य प्रकाश कमी करतात, पण अवरक्त प्रारण अडवतीलच अशी खात्री नसते. त्यांतून सूर्याकडे पाहणे वर्ज्य समजावे. आरसाविरहित कॅमेऱ्यात डोळ्यापुढे केवळ विद्युत पडदा असतो, तेथे धोका उपकरणास असतो. सूर्यप्रतिमेत प्रकाश किती पट एकवटतो हे केवळ एफ-अंकावर अवलंबून आहे. एफ/४ ला तो सुमारे ७०० पट, तर एफ/१६ ला सुमारे ४५ पट भरतो. उघड्या भिंगाने सूर्याकडे रोखून ठेवलेल्या कॅमेऱ्याचा शटरपडदा अथवा संवेदक भाजून निघू शकतो. शैक्षणिक सहलींत विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरे देताना ही माहिती आधी दिली जाणे अगत्याचे आहे.

कोणते किरण सूर्याचे? :

'किरण' हा एकच शब्द मराठीत अनेक निरनिराळ्या दृश्यांसाठी वापरला जातो. ढगांच्या फटींतून जमिनीकडे उतरणारे प्रकाशाचे झोत हे वातावरणातील वास्तव दृश्य होय. हवेतील कणांमुळे प्रकाशमार्ग उजळतो व शेजारी उभ्या असलेल्या सर्वांना ते झोत दिसतात. भिंगातील काचांच्या पृष्ठभागांवर वारंवार परावर्तन होऊन उमटणारे रंगीत ठिपके ही तिसरीच गोष्ट. हे ठिपके सामान्यतः सूर्य व चित्राचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर मांडलेले असतात आणि कित्येकदा त्यांचा आकार छिद्राच्या बहुकोनासारखाच असतो.

स्टारबर्स्टची ओळख पटविणाऱ्या कसोट्या साध्या आहेत. पहिली म्हणजे कॅमेरा त्याच्या अक्षाभोवती फिरविणे. भूदृश्य चौकटीत तिरपे होते, परंतु किरण चौकटीच्या तुलनेत जागचे हलत नाहीत, म्हणजेच ते कॅमेऱ्याबरोबर फिरतात. दुसरी कसोटी याहून बोलकी आहे. डोंगरामागील सूर्याचे किरण डोंगराच्या काळ्या अंगावरूनही गेलेले दिसतात. किरण खरोखर सूर्यापाशी असते, तर डोंगराने ते झाकले असते. सूर्य मागे आणि त्याचे किरण पुढे, ही विसंगती रोज छापल्या जाणाऱ्या चित्रांत असूनही क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. प्रयोगशाळेची गरज न पडता, रात्री रस्त्यावरच्या दिव्याचे चित्र घेऊन या दोन्ही कसोट्या विद्यार्थ्यांकडून करवून घेता येतात. संगणकावर मागाहून चिकटवलेली तारकाकृतीही येथेच उघडी पडते. खऱ्या चित्रात सर्व तेजस्वी स्रोतांचे किरण समान संख्येचे व समान दिशांचे असतात. शिवाय तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी अधिक असल्याने तो निळ्यापेक्षा अधिक पसरतो व किरणांत मंद रंगछटा उमटतात.

आक्षेप असा घेतला जाईल की, कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासून माणसाने सूर्य व तारे टोकदार किरणांसह चितारले आहेत. आक्षेप रास्त आहे. परंतु मानवी डोळाही एक उपकरण आहे. त्यातील स्फटिकमय भिंगाचे तंतू जेथे जुळतात तेथे शिवणीसारख्या रेषा असतात, बाहुलीची कडही पूर्ण नितळ नसते. दूरच्या दिव्याभोवती दिसणारी तारकाकृती त्यांतून उद्भवते. एकच डोळा उघडा ठेवून मान कलती केली तर ती आकृतीही कलते, आणि उजव्या व डाव्या डोळ्यांना ती सारखी दिसत नाही. गॅलिलिओ यांनी १६१० च्या आपल्या पुस्तिकेत, नुसत्या डोळ्यांना ताऱ्यांभोवती दिसणारी ही झळाळी दुर्बिणीतून नाहीशी होते असे नोंदविले होते.

दुर्बिणींनीही पुढे आपापल्या खुणा आणल्या. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या चित्रांत तेजस्वी ताऱ्यांना चार किरण असतात, कारण तिचा दुय्यम आरसा चार पट्ट्यांवर तोललेला आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा अठरा षट्कोनी भागांचा बनलेला असून त्यामुळे सहा ठळक किरण येतात. दुय्यम आरशाच्या तीन आधारदांड्यांमुळे आणखी सहा येतात, पैकी चार आधीच्यांवर बसतात आणि दोन लहान आडवे किरण वेगळे उरतात. जुलै २०२२ मध्ये तिची पहिली चित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रत्येक ताऱ्याला तेच आठ किरण पाहून अनेकांना नवल वाटले.

सौर निरीक्षणातील अडचण :

खग्रास ग्रहणात चंद्राआड गेलेल्या सूर्याभोवती जो प्रभामंडल दिसतो, त्यातील लांब शलाका मात्र खरोखरीच सूर्याच्या आहेत. चुंबकीय क्षेत्राने बांधलेल्या तप्त वायूच्या त्या रचना होत, आणि एकाच ग्रहणाच्या वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रांत त्या सारख्याच आढळतात. याच्या काही क्षण आधी 'हिऱ्याची अंगठी' चमकते. बिंबाचा इवलासा तुकडा उरलेला असल्याने तिला फुटणारे रेखीव किरण पुन्हा भिंगाचेच असतात. म्हणजे ग्रहणाच्या एकाच चित्रात दोन्ही प्रकारचे किरण शेजारी शेजारी असू शकतात.

ग्रहणाविना प्रभामंडल टिपणे दीर्घकाळ अशक्य मानले गेले, याचे एक प्रमुख कारण विवर्तन हेच होते. प्रभामंडलाचे तेज सूर्यबिंबाच्या सुमारे दशलक्षांश असते. सूर्याची प्रतिमा तबकडीने झाकली, तरी भिंगाच्या कडेवरून वळलेला प्रकाश त्या क्षीण तेजाला गिळून टाकतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी १९३० च्या सुमारास पिक द्यु मिदी येथील वेधशाळेत यावर मार्ग काढला. दुसऱ्या एका भिंगाने त्यांनी मुख्य भिंगाच्या कडेचीच प्रतिमा पुढे तयार केली आणि तेथे किंचित लहान छिद्राचा अडसर ठेवून कडेवरचा प्रकाश अडविला. छायाचित्रकार ज्या प्रकाशासाठी एफ/१६ ची निवड करतो, तोच प्रकाश लिओ यांनी वेचून बाहेर काढला.

भारताच्या आदित्य एल-१ यानावरील 'व्हेल्क' हे प्रभामंडलदर्शक उपकरण याच परंपरेतील आहे. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ते तयार केले. २ सप्टेंबर २०२३ रोजी यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ते एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेने त्याच यानासाठी घडविलेली 'सूट' ही दुर्बीण पूर्ण सूर्यबिंबाची २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीतील छायाचित्रे घेते. तिला बिंब झाकावयाचे नसल्याने अडचणीचे हे स्वरूप तिच्यापुढे येत नाही.

यापुढचा प्रयत्न युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रोबा-३ मोहिमेत झाला. ५ डिसेंबर २०२४ रोजी ती श्रीहरिकोटा येथून भारतीय प्रक्षेपकाद्वारे रवाना झाली. तिच्यात दोन याने परस्परांपासून सुमारे १५० मीटरवर राहून उडतात. एका यानावरील १.४ मीटर व्यासाची तबकडी सूर्य झाकते व दुसऱ्यावरील दुर्बीण त्या सावलीतून प्रभामंडल टिपते. तबकडी इतक्या दूर नेऊनही तिच्या कडेवरून वळणारा प्रकाश दुर्बिणीत शिरण्याची शक्यता उरतेच, म्हणून तबकडीची कड धारदार न ठेवता काळजीपूर्वक गोलाई देऊन घडविलेली आहे.